पोटातली चौदा इंजेक्शनं, मेंढीचा मेंदू आणि मायलिनची प्रथिनं

रानजाई:

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य पाठ असतं, लहानपणी भटक्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून हीच भीती घातलेली असायची. पण ती इंजेक्शनं होती कशाची आणि बंद का झाली असं विचारलं तर बरेच जण म्हणतात फार दुखायची म्हणून. दुखायची हे खरंच, पण मोठं कारण दुसरं होतं आणि ते थेट आपल्या मेंदूतल्या मज्जातंतूंवरच्या आवरणापाशी, म्हणजे मायलिनपाशी जाऊन पोचतं. मी बरीच वर्षं मेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवत होते, मायलिनचा तास आला की सुरुवात ह्या लसीपासूनच करायचे, कारण प्रथिनांची नावं मुलं परीक्षेनंतर विसरतात पण हे विसरत नाहीत. मध्यंतरी इथे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की एमआरआयमध्ये डिमायलिनेशन (मायलिन गेलेलं) आलंय म्हणजे एमएसच (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतलं मायलिन जाण्याचा आजार) ना? त्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

रेबीजचा विषाणू मज्जासंस्थेत जोमाने वाढतो, त्यामुळे लस करायची तर तो वाढवायला मज्जासंस्थाच लागायची. पाश्चरने १८८५ मध्ये सशाचे मज्जारज्जू वाळवून पहिली लस दिली. आपल्याकडे कसौलीला डेव्हिड सेंपल ह्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १९११ मध्ये त्यात बदल केला, मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू घोटायचा, फिनॉल घालून विषाणू मारायचा आणि त्याचं पाच टक्क्यांचं मिश्रण टोचायचं. म्हणजे सिरिंजमध्ये मेलेल्या विषाणूच्या जोडीला भरपूर मेंढीचा मेंदू. डोस काही मिलिलिटरचा आणि तोही रोज, एवढं सगळं कातडीखाली मावायला पोटासारखी ऐसपैस जागा दुसरी नाही, म्हणून पोट. ह्या लसीने असंख्य माणसं वाचवली हे आधीच सांगते, रेबीज एकदा सुरू झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि ही लस स्वस्त होती, इथल्या इथे बनत होती. जवळजवळ शतकभर चालली आणि २००४ च्या अखेरीस भारतात तिचं उत्पादन थांबलं.

पण काही जणांचं असं व्हायचं की इंजेक्शनं चालू असताना किंवा संपल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप यायचा, पाय लुळे पडायचे, लघवी अडायची, कुणाला झटके, कुणाला गुंगी. प्रमाण अहवालागणिक वेगळं, काही शे माणसांत एक ते काही हजारांत एक. घरच्यांना वाटायचं रेबीजच झाला. पण जे दगावले त्यांच्या मेंदूत रेबीजच्या खुणा सापडायच्या नाहीत, सापडायचं ते हे की बारीक शिरांच्या भोवतीचं मायलिन तेवढं गेलंय आणि त्यातले मज्जातंतू बऱ्यापैकी शाबूत आहेत.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्सने १९३३ ते १९३५ च्या सुमारास ह्याचा छडा लावला. माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला, विषाणू अजिबात नाही, तरी माकडांच्या हातापायातली ताकद गेली आणि मायलिनही गेलं. म्हणजे दोष विषाणूचा नाही, परक्या मेंदूचा. शरीर त्या मेंदूविरुद्ध लढायला शिकतं आणि मग स्वतःच्या मेंदूलाही सोडत नाही. पुढे मेंदूतला नेमका कोणता भाग हे करतो ते शोधताशोधता एक प्रथिन हाती लागलं, मायलिन बेसिक प्रोटीन, एमबीपी. ते एकटं शुद्ध करून नीट टोचलं तरी गिनीपिगला तोच आजार व्हायचा. आणि १९८७ मध्ये थायलंडच्या हेमचुधा आणि सहकाऱ्यांनी सेंपल लस घेऊन लुळ्या पडलेल्या माणसांमध्येच एमबीपीविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवल्या. ह्याच कारणासाठी चिलीमध्ये १९५५ च्या सुमारास नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूपासून लस बनवायला सुरुवात झाली होती, कारण त्या वयात उंदराच्या मेंदूत मायलिन जवळपास नसतंच. त्रास कमी झाला, पूर्ण थांबला नाही.

आता मायलिनकडे वळते. मज्जातंतूवर एक पेशी आपलं आवरण (पटल) थरावर थर गुंडाळत जाते ते मायलिन. मेंदूत आणि मज्जारज्जूत हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात, एक पेशी चाळीस-पन्नास ठिकाणी गुंडाळते, आणि हातापायांच्या नसांत श्वान पेशी, तिथे एका पेशीला एकच तुकडा. कोरड्या वजनात सत्तर-ऐंशी टक्के चरबी आणि उरलेली प्रथिनं, म्हणून पूर्वी प्रथिनांना कुणी फार विचारत नसे. पण त्या चरबीला धरून ठेवणारी हीच आहेत. मेंदूच्या मायलिनमधलं जवळपास निम्मं प्रथिन म्हणजे पीएलपी, ते पटलांच्या बाहेरच्या बाजू एकमेकींशी जुळवतं, आणि साधारण तीस टक्के एमबीपी, ते आतल्या बाजू चिकटवतं. एमबीपीवर धन भार असतो, पटलाच्या आतल्या बाजूवर ऋण, दोन्हीकडून ते ओढलं जातं आणि मधलं पाणी बाहेर ढकललं जाऊन थर घट्ट बसतात. ते इतकं चिकट आहे की पेशी ते मध्यावर बनवतच नाही, त्याची आरएनए-प्रत पार टोकापर्यंत वाहून नेते आणि जिथे गुंडाळायचंय तिथेच प्रथिन तयार करते. मला तर आजही हे वाचताना अंगावर काटा येतो.

एमबीपी नसेल तर काय होतं ते शिव्हरर नावाच्या उंदरात दिसतं. ह्या उंदराच्या त्या जनुकाचा मोठा भाग जन्मतःच गायब असतो. दोनेक आठवड्यांचं पिल्लू झालं की चालताना मागचा भाग थरथरायला लागतो, पुढे झटके येतात आणि काही महिन्यांत ते मरतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लेरॉय हूड यांच्या गटाने तेच जनुक भ्रूणात परत घातलं आणि त्या उंदरांची थरथर गेली, आयुष्यही नेहमीचं झालं. एका प्रथिनाने एवढं होतं.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रथिन मायलिनमध्ये कुठे बसलंय ह्यावर आजार ठरतो. एमबीपी आत दडलेलं, तिथे रक्तातली अँटीबॉडी सहज पोचत नाही, तिथे मुख्य उपद्रव टी पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. पण एमओजी नावाचं एक प्रथिन आहे, मायलिनच्या एकूण प्रथिनांत एक टक्कासुद्धा नाही, ते मात्र सगळ्यात बाहेरच्या थरावर उघडं बसलेलं असतं. अँटीबॉडी तिथे थेट पोचते. त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाली की जो आजार होतो तो मॉगॅड, आणि तो एमएस नाही. एमआरआयवर दोन्हीला डिमायलिनेशनच लिहून येतं. म्हणून रिपोर्टवरचा तो शब्द हे निदान नाही, तिथून चौकशी सुरू करायची असते, हे मला कळकळीने सांगायचंय.

-----

सुबोध_सातारकर:

रानजाईताई, काय लिहिलंय. आमच्या काकांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोज सायकलवर डबलसीट नेऊन ही इंजेक्शनं दिली होती, बेंबीच्या भोवतीनं घड्याळाच्या आकड्यांसारखी जागा बदलत टोचायचे आणि पोट टणक होऊन जायचं असं आजी सांगायची. काका पुढे ठणठणीत राहिले. ती इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूची होती हे आज कळलं. आता जी मिळते त्यात काय असतं?

-----

मीच_तो:

म्हणजे लस टोचली आणि माणसं लुळी पडली. आणि आपण विचारलं की अडाणी म्हणणार. मी तर म्हणतो ह्याच कारणाने लसी टाळाव्यात.

-----

रानजाई:

@सुबोध, आताच्या लसीत मेंदू नसतो, विषाणू प्रयोगशाळेत व्हेरो पेशींवर किंवा कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींवर वाढवून शुद्ध करून घेतात. मायलिनचा प्रश्नच येत नाही. स्नायूत द्यायची असेल तर दंडावर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि कातडीत द्यायची पद्धत आपल्याकडे २००६ पासून आहे ती ०, ३, ७ आणि २८. जखम रक्ताळलेली असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटीबॉडी) घालावं लागतं. आणि सगळ्यात आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, हे प्रत्येकाला माहीत हवं.

@मीच_तो, नाही, आणि ह्यावर मी गप्प बसणार नाही. सेंपल लसीतला दोष वैज्ञानिकांनीच शोधला, त्याचं कारण प्रथिनापर्यंत जाऊन सिद्ध केलं आणि ती लस बदलली. तेव्हाही पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसासाठी ती घेणं हाच शहाणपणा होता, कारण एका बाजूला काही शेंत एखादा धोका आणि दुसऱ्या बाजूला मरणच. आज तर तो धोकाही उरलेला नाही. कुत्रा चावल्यावर जुन्या भीतीपोटी दवाखान्यात न जाणारी माणसं अजून आहेत आणि ती मरतात. तुमचा प्रतिसाद वाचून कुणी इंजेक्शन टाळू नये म्हणून एवढं लांबण लावलं.

-----

निरंजन_वा:

सोप्या भाषेत सांगायचं तर वायरवरचं प्लास्टिक ना मायलिन म्हणजे? ते सोललं की शॉर्टसर्किट.

-----

रानजाई:

वायरचं उदाहरण सगळेच देतात आणि सुरुवातीला चालतंही, पण त्यातली अर्धी गंमत निसटते. वायरवर प्लास्टिक सलग असतं. मायलिन मुद्दाम तुटक असतं, एखाद मिलिमीटरवर किंवा त्याच्याही आत एक उघडी फट, रॅनव्हिएरच्या गाठी म्हणतात त्यांना. सोडियमची दारं सगळी त्या फटींत गर्दी करून असतात, संदेश एका फटीवर ताजा होतो आणि पुढच्या फटीवर उडी मारतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, मायलिनवाल्या जाड तंतूत शंभर मीटरच्या आसपास. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी टोचल्याचं कळतं आणि मग क्षणभराने ठणका येतो ना, ते ह्याचंच, पहिली खबर मायलिनवाल्या तंतूने आणलेली आणि ठणका मागून रमतगमत येतो.

आणि मायलिन गेलं की शॉर्टसर्किट होत नाही, संदेश मधेच विरतो, कारण उघड्या पडलेल्या भागात सोडियमची पुरेशी दारंच नसतात. अंग तापलं की ही दारं लवकर मिटतात, म्हणून एमएसच्या माणसाला गरम पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा उन्हातून आल्यावर तेवढ्यापुरतं अंधुक दिसतं, पाय जड होतात, गार झालं की पूर्ववत. १८९० मध्ये उथॉफ ह्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने श्रमानंतर असं होतं हे नोंदवलं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अशी माणसं घाबरून जातात की नवा अटॅक आला, दरवेळी तसं नसतं.

-----

कृष्णाकाठ:

वाचतेय, आणि वाचताना हात थरथरतायत, कारण माझ्या भाचीचं हेच झालं. वय सतरा. उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की मागे दुखायचं. तिच्या लक्षात कसं आलं तर तिची लाल ओढणी डाव्या डोळ्याने लालभडक आणि उजव्याने विटकरी, धुऊन उडालेल्या रंगासारखी दिसायची. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये एमआरआय झाला, रिपोर्टवर डिमायलिनेशन, आणि पहिल्या भेटीत सांगितलं की एमएस आहे, आयुष्यभर औषधं, लग्नाचं जपून बघा. ताईने तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली आणि ती मॉग, म्हणजे हेच एमओजी, पॉझिटिव्ह आली. स्टेरॉइडची सलाईनं झाली, आठवड्याभरात नजर बरीच परत आली. मग गोळ्या लवकर कमी केल्या तर परत धूसर. आता हळूहळू कमी करतायत. मॉग म्हणजे नक्की काय हे आम्हाला कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं हो.

-----

डॉ_विहंग:

उत्तम धागा. मी न्यूरॉलॉजीत आहे म्हणून थोडी भर घालतो. कृष्णाकाठ, तुमच्या भाचीचं वर्णन अगदी ठरलेलं आहे, स्टेरॉइडला झटकन प्रतिसाद आणि लवकर कमी केलं की पुन्हा उचल खाणं हे मॉगॅडमध्ये नेहमी दिसतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नसेचं तोंड चांगलंच सुजलेलं दिसतं, एमएसमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं. पाठीच्या पाण्यात एमएसला ज्या ऑलिगोक्लोनल पट्ट्या (अँटीबॉडीच्या खुणा) सापडतात त्या मॉगॅडमध्ये सहसा नसतात. एमएस एकदा सुरू झाला की दीर्घकाळचा असतो, मॉगॅडमध्ये मात्र बऱ्याच जणांना, विशेषतः लहान मुलांना, एकच अटॅक येतो आणि पुन्हा काही होत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत आयुष्यभराचं सांगून टाकणं मला तरी पटत नाही.

तिसरा एक आजार ह्यात मिसळला जातो तो एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका). डेव्हिकने १८९४ मध्ये वर्णन केला, डोळे आणि मज्जारज्जू दोन्हीवर घाला घालणारा, आणि शंभर वर्षं तो एमएसचाच प्रकार समजला गेला. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या वांडा लेनन आणि सहकाऱ्यांना त्याची अँटीबॉडी सापडली आणि पुढच्याच वर्षी कळलं की तिचं लक्ष्य मायलिनचं प्रथिन नाहीच, शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशींवरचं पाण्याचं दार आहे, ॲक्वापोरिन-४. मायलिन तिथे नंतर जातं. हे नुसतं पुस्तकी नाही, कारण एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन बीटा, नॅटालिझुमॅब, फिंगोलिमॉड, एनएमओच्या पेशंटला दिली तर तो बिघडू शकतो.

-----

वाटसरू:

+१. एक प्रश्न, एमओजी हे प्रथिन इतकं आधीपासून माहीत असेल तर मॉगॅड हे नाव आत्ता आत्ता का ऐकू यायला लागलं?

-----

रानजाई:

वाटसरू, ह्याचं उत्तर मला स्वतःला सगळ्यात आवडतं. एमओजी १९८० च्या दशकातच हाती लागलं होतं, लिनिंग्टन यांच्या १९८४ च्या अँटीबॉडीमुळे. सगळ्यांना वाटलं एमएसचं गुपित हेच. २००३ मध्ये बर्गर आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापलं की पहिल्या अटॅकनंतर रक्तात मायलिनविरुद्ध अँटीबॉडी असतील तर एमएस होणार हे आधीच सांगता येईल. मोठी खळबळ. २००७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कुहले आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासलं तर असा काही संबंध निघाला नाही.

मेख तपासणीच्या पद्धतीत होती. त्या काळच्या वेस्टर्न ब्लॉटसारख्या तपासण्यांमध्ये प्रथिन उलगडून सपाट होतं. उलगडलेल्या एमओजीला चिकटणाऱ्या अँटीबॉडी निरोगी माणसांतही सापडतात, त्यांना काही अर्थ नसतो. आजार करणारी अँटीबॉडी एमओजीचा घडी घातलेला, पेशीवर बसलेला आकार ओळखते. मग जिवंत पेशींच्या पृष्ठभागावर मानवी एमओजी उगवून त्यावर पेशंटचं सीरम टाकायची पद्धत आली आणि चित्र एकदम स्वच्छ झालं, एमएसवाले बहुतेक निगेटिव्ह आणि मुलांमधला एडीईएम (मेंदू-मज्जारज्जूला अचानक येणारी सूज), पुन्हापुन्हा होणारी डोळ्याच्या नसेची सूज असे पेशंट पॉझिटिव्ह. त्यातून वेगळा आजार ठरला आणि २०२३ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय निकष आले. रेणू तोच, घडी मोडली की वीस वर्षं लोक चुकीच्या दिशेने शोधत राहिले.

आणि हे एमओजी मुळात करतं काय, तर ते नसलेले उंदीर व्यवस्थित जगतात, थरथरत नाहीत की काही नाही. काडीचं प्रमाण, काम जवळपास दिसत नाही, आणि तरी सतरा वर्षांच्या मुलीची नजर नेऊ शकतं.

-----

पंचगंगा_७८:

इतके दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितोच. मला सीएमटी (शार्को-मरी-टूथ, नसांचा आनुवंशिक आजार) आहे. वडिलांना होता, आत्याला आहे. लहानपणी सगळे म्हणायचे ह्याच्या पायात जोर नाही, चालताना स्लिपर पायातून निसटायची, पाऊल वरून कमानीसारखं उंच आणि बोटं वळलेली, पोटऱ्या बारीक. जिना उतरताना पाय कुठे पडतोय ते बघावं लागतं. बोटांनी शर्टाचं वरचं बटण लागत नाही आता. बरीच वर्षं पोलिओच समजत होते. रिपोर्टवर पीएमपी-२२ असं लिहिलंय. हे पण मायलिनचंच प्रथिन का?

-----

रानजाई:

हो दादा, तुमच्या नसांमधल्या मायलिनचं. मेंदूत पीएलपी मोठं तसं हातापायांच्या नसांत पी-झिरो हे मोठं, निम्म्याहून जास्त तेच. पीएमपी-२२ दोन ते पाच टक्केच. पण त्याचं माप फार काटेकोर लागतं. सतराव्या गुणसूत्रावर त्याचं जनुक असतं, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती. काही घराण्यांत त्या भागाची एक जादा प्रत तयार झालेली असते, दोनाच्या तीन, आणि तेवढ्याने सीएमटी-१ए होतो. १९९१ मध्ये हे कळलं. प्रथिनात बिघाड काही नाही, फक्त जास्त आहे. आणि उलट एक प्रत कमी असेल तर दुसराच आजार, मांडी घालून बसलं किंवा कोपर टेकून बसलं की पाय-हात काही दिवस किंवा आठवडे लुळा पडतो आणि मग सुटतो.

तुमच्या बाबतीत रोगप्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही, त्यामुळे कुणी स्टेरॉइड सुचवलं तर का ते विचारा. फिजिओथेरपी, घोट्याला आधार देणारा स्प्लिंट, पायाला जखम होतेय का ते रोज बघणं, ह्यांचा खरा उपयोग होतो. आणि एक गोष्ट कायम प्रत्येक डॉक्टरला सांगत जा की सीएमटी आहे, कारण कॅन्सरमध्ये वापरतात ते व्हिन्क्रिस्टिन तुमच्या नसांना फार महागात पडू शकतं. मुलाबाळांचा विचार असेल तर जेनेटिक काउन्सेलिंग घ्या, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते.

-----

धायरीकर:

आमच्या सिंहगड रोडला २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गियां-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) लाट आली होती, दोनशेच्या वर पेशंट, आमच्या सोसायटीतला एक मुलगा महिनाभर व्हेंटिलेटरवर होता. तेव्हा टीव्हीवर मायलिन मायलिन ऐकलं होतं. तिथे कुठलं प्रथिन?

-----

डॉ_विहंग:

तिथे प्रथिन नाही, हाच महत्त्वाचा फरक आहे. त्या लाटेत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू बऱ्याच पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात सापडला, पाण्यावाटे येणारा. ह्या जिवाणूच्या आवरणावरच्या साखरेच्या साखळ्या आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या साखर जोडलेल्या चरबीशी हुबेहूब जुळतात. शरीर जिवाणूवर अँटीबॉडी सोडतं आणि ती नसांवर बसते. कॅम्पायलोबॅक्टरनंतरच्या जीबीएसमध्ये बऱ्याचदा मायलिन बाजूलाच राहतं आणि तंतूवरच घाला पडतो. उपचारातही फरक बघा, जीबीएसला स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, तिथे आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलणं. मॉगॅडच्या अटॅकला पहिलं औषध मात्र स्टेरॉइड. पाय लुळे दोघांचेही पडू शकतात.

-----

सुगरण_ठाणे:

चरबीच सत्तर टक्के आहे म्हणताय तर साजूक तूप, बदाम खाल्ल्याने मायलिन सुधारतं का? घरी सासूबाईंना हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आम्ही पूर्ण शाकाहारी.

-----

रानजाई:

तूप खा की, चवीला खा, पण तुपातली चरबी उचलून नसेवर बसत नाही. मायलिनची बरीचशी चरबी त्या पेशी स्वतः जागेवरच बनवतात. तुमच्या सासूबाईंचं वर्णन वाचून मला बी-१२ आठवलं. वाट न बघता ह्याच आठवड्यात तपासून घ्या. बी-१२ नसेल तर मायलिन टिकत नाही, मज्जारज्जूच्या मागच्या भागातलं आधी जातं, मुंग्या येतात, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता खूप आहे, पुण्यात केईएममधल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांमध्ये हे वर्षानुवर्षं दाखवलंय. दूध-दह्यातून मिळतं पण बऱ्याचदा पुरत नाही. आणि नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका, रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसा बिघडतच राहतात. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बरंच भरून येतं, उशीर झाला की काही राहून जातं. पण मुंग्या येण्याची कारणं पुष्कळ असतात, डॉक्टरांना दाखवाच.

-----

सिॲटलकर:

मला एमएस आहे, निदान होऊन बरीच वर्षं झाली, इथे कोपॅक्सोन घेते, मांडीत स्वतःच टोचते. आईला फोनवर सांगितलं तर तिला ते पोटातले चौदा आठवून रडू आलं होतं. तुमचा लेख तिला वाचून दाखवणार आहे.

-----

रानजाई:

मग आईला हेही सांगा. तुमचं औषध आणि ती चौदा इंजेक्शनं ह्यांचं नातं आहे, आणि चांगल्या अर्थाने. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल सेला, रूथ अर्नॉन आणि द्वोरा टाइटेलबाउम ह्यांना १९६० च्या दशकाच्या शेवटी रिव्हर्सच्या माकडांसारखा आजार प्राण्यांत घडवायचा होता, म्हणून त्यांनी एमबीपीसारखं दिसेल असं कृत्रिम प्रथिन बनवलं, चारच अमिनो आम्लं वापरून, ग्लुटॅमिक आम्ल, लायसिन, ॲलॅनिन आणि टायरोसिन. त्याने आजार झालाच नाही, उलट आधी ते टोचलेले प्राणी आजारापासून वाचले. तेच पुढे ग्लाटिरामर, म्हणजे तुमचं कोपॅक्सोन, अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. ज्या प्रथिनाने सेंपल लसीच्या काळात माणसं लुळी केली त्याच्याच नकलेने तुमचे अटॅक कमी होतायत.

आणि अपंगत्वाच्या दाखल्याचं इथे कुणाला लागलं तर, २०१६ च्या कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावाने आहे.

-----

कृष्णाकाठ:

रानजाईताई, डॉक्टर, शेवटचं एक विचारते. भाचीची तपासणी दोन ठिकाणी केली, एकीकडे पॉझिटिव्ह आणि नंतर दुसरीकडे निगेटिव्ह. ताई म्हणतेय बरी झाली, गोळ्या बंद करूया.

-----

डॉ_विहंग:

गोळ्या परस्पर बंद करू नका, ते तिच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून तीन गोष्टी बघा. पद्धत लिहिलेली असते, तिथे 'सेल बेस्ड ॲसे' (वर सांगितलेली पेशींवरची तपासणी) असं लिहिलेलं हवं, साधी एलायझा असेल तर तो रिपोर्ट धरू नका. मग टायटर, म्हणजे सीरम किती पातळ केल्यावरही पॉझिटिव्ह राहिलं, कमी आकड्याचा पॉझिटिव्ह कधीकधी खोटा निघतो. आणि रक्त कधी घेतलं ती तारीख. अटॅकच्या वेळी, प्लाझ्मा बदलण्याच्या किंवा आयव्हीआयजीच्या आधी घेतलेलं सगळ्यात भरवशाचं. नंतर अँटीबॉडी उतरतातच, काहींच्या पूर्ण जातात, आणि ज्यांच्या टिकून राहतात त्यांना पुन्हा अटॅक यायची शक्यता जास्त म्हणून सहा-बारा महिन्यांनी परत बघतात. तुमचा दुसरा रिपोर्ट स्टेरॉइड चालू असतानाचा आहे का?

-----

कृष्णाकाठ:

हो, चालू असतानाचाच. आणि पहिल्यावर सेल बेस्ड असं लिहिलंय, टायटर १:१०० च्या पुढे. सोमवारी दोन्ही घेऊन जातोय.